मामांनी सांगितलेला पगार

निमोण्यात त्या रविवारी नवनाथ सोनवणेच्या दारात दौंडच्या दोन गाड्या लागल्या. गौतमीला बघायला पाहुणे आले होते. गौतमी म्हणजे नवनाथची धाकटी बहीण, शिरूरच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला जाणारी, बोलायला शांत पण कुणाचं उगीच ऐकून न घेणारी. बघायचा कार्यक्रम हा नुसता रीत म्हणून होता, कारण मुलगा या घराला परका नव्हता. सुमेध त्याचं नाव. कारेगावजवळच्या प्लास्टिकच्या ज्या कंपनीत नवनाथ अकरा वर्षं सेटर होता, तिथंच सुमेध तीन वर्षांपूर्वी डिप्लोमा करून लागला होता.

सेटर म्हणजे मशीनवर साचा चढवून, दाब आणि तापमान जुळवून, चांगला माल पडायला लागेपर्यंत मशीनशी झोंबणारा माणूस. सुमेधला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवनाथनं त्याला हाताशी धरलं, चुका पोटात घातल्या, कारेगावातल्या खोलीवर पोरगा भात उकडून खातो म्हणून दर आठवड्याला घरी जेवायला आणलं. त्या जेवणांतच गौतमीनं आणि त्यानं एकमेकांना पसंत करून टाकलं. नवनाथला ते कळलं तेव्हा तो मनापासून खूश झाला होता. आपल्या हाताखालचं पोरगं आपला मेहुणा होणार, म्हणजे मान आपल्याकडेच राहणार, असाही एक हिशेब त्यात होता, पण तो त्यानं कुणाला सांगितला नव्हता.

पाणी झालं, चहा झाला. सुमेधचे मामा मारुतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. माणूस मनानं चांगला, पण चारचौघांत बसला की त्यांचा आवाज आपोआप वर चढायचा. त्यांनी मांडी बदलली आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं.

"पोराचं म्हणाल तर पावनं, अडतीस हजार पगार हाय. समदं कापून हातात येतोय बरं का. ओव्हरटाइम येगळा."

बायकांच्या बाजूनं कौतुकाची कुजबुज झाली. नवनाथची आई म्हणाली, "लई झालं की." आणि पोह्यांच्या बशा घेऊन निघालेला नवनाथ उंबऱ्यातच थांबला, कारण त्याचा स्वतःचा पगार सव्वीस होता.

परक्या घरी हा आकडा कानावर आला असता तर त्यानं तो निम्माच धरला असता. पण जे खरं असेल अशी माणसाला आधीपासून भीती असते, ते त्याला लगेच खरं वाटतं. डिप्लोमावाल्या पोरांना कंपनी आतून जास्त देते, असं कँटीनमध्ये दोन वर्षं बोललं जात होतं. पगार एकमेकांना सांगायचा नाही असा तिथं कडक नियम होता, त्यामुळे खरंखोटं करायला वाव नव्हता. शिवाय सुमेधनं नवी मोटारसायकल घेतलेली. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मामांच्या तोंडून आकडा पडला तसा सुमेध मान खाली घालून सतरंजीचे दोरे मोजायला लागला. एकदाही त्यानं नवनाथकडे वर पाहिलं नाही. चोर पकडला गेल्यावर असाच बसतो, हे नवनाथनं ठरवून टाकलं.

पण बोलणार काय? भरल्या घरात, बायकोच्या माहेरच्यांसमोर, 'हा माझ्या हाताखालचा, आणि ह्याला माझ्यापेक्षा बारा हजार जास्त' असं सांगून स्वतःचंच नाक कापून घ्यायचं? त्यानं बशा वाटल्या, हसला, पाहुण्यांना 'जय भीम' म्हणून वाटेला लावलं. तारखेचं बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, "बघू. दिवाळी हून जाऊ द्या." गौतमीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं, कारण सकाळपर्यंत तोच दिवाळीच्या आतलं मंगल कार्यालय शोधत होता.

रात्री सुषमानं, त्याच्या बायकोनं, सरळ विचारलं, "आवो, त्याला इचारा की. घरचाच हाय तो."

"मी इचारू? मी?" नवनाथ तडकला. "त्यानं सांगाय नको? तीन वर्सं माझ्या ताटात जेवला."

असल्या माणसाला समजावता येत नाही. आपल्याला कमी लेखलं गेलं हे एकदा मनात बसलं, की तो घास चावतो तेव्हा तेच चावत असतो.

सुमेधला नाही विचारलं, पण सोमवारी तो प्लँट मॅनेजर ढोबळे साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मार्चमध्ये पगारवाढ झाली तेव्हा या ढोबळ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "नवनाथ, तू तर घरचा माणूस" म्हणत हजार रुपयांवर बोळवण केली होती. घरच्या माणसाला कमी दिलं तरी चालतं, हे शास्त्र ते कुठं शिकले होते कोण जाणे. त्यानं उभ्याउभ्याच विचारलं, "साहेब, सेटरमधी सगळ्यात जास्त पगार कुनाला हाय?"

"पगाराचं बोलायचं नसतं, माहीत आहे ना?"

"नाव नका सांगू. माझ्याच्यावर कुनी हाय का, तेवढं सांगा."

ढोबळ्यांनी कंप्युटरवरनं नजर काढली. "तुझ्या वर कोणी नाही. तूच टॉपला आहेस. आता जा, तीन नंबरला माल शॉर्ट पडतोय."

ढोबळे एरवी दिवसातून दहा वेळा खोटं बोलायचे, पण नेमके त्या दिवशी खरं बोलले. आणि त्याच वाक्यावर नवनाथनं डोक्यात राख घालून घेतली. तोंडावर धादांत खोटं! पगार कमी दिला हे एक वेळ सोसलं असतं, पण वर मूर्खात काढतात म्हणजे काय? केबिनचं दार लावून घेताना त्यानं ठरवलं की नोकरी सोडायची. पण नुसती सोडायची नाही. चार लोक रोज नोकऱ्या सोडतात आणि कंपनीचा केसही वाकडा होत नाही. आपण अशी सोडायची की ढोबळ्याच्या तोंडचं पाणी पळालं पाहिजे, आणि त्या अडतीस हजारवाल्याला मशीनपुढं रडू फुटलं पाहिजे.

पहिला माणूस त्यानं गाठला तो अजीम. अजीम शिरूरचा, त्याच्याच बरोबरीचा सेटर, डोकं थंड असलेला. दोघं कंपनीच्या मागे पत्र्याच्या शेडखाली चहा पीत होते.

"डिप्लोमावाल्यांना अडतीस देतेत, अजीमभाई. आन् आपून घासतोय सव्वीस-पंचवीसवर."

अजीमनं कप खाली ठेवला. "कुनी सांगितलं?"

"कानानं ऐकलंय. पोराच्या घरच्यांच्या तोंडून."

"सुमेधला?" अजीमनं विचारलं. त्याला बत्ती लावायला यापेक्षा जास्त काही लागलं नाही, कारण त्याच्याही पोटात तीच भीती कधीची पडून होती. "आन् मी बायकोला सांगत बसलोय, कंपनीची परिस्थिती बरी न्हाई म्हनून."

आठवडाभरात सात जण झाले. प्रत्येकाला नवनाथनं तोच आकडा सांगितला, आणि प्रत्येकानं तो ऐकून आधी एक शिवी दिली आणि मग कुठं जायचं ते विचारलं. कुठं जायचं तेही नवनाथनं बघून ठेवलं होतं. दौंडच्या अलीकडे मच्छिंद्रशेठ नावाच्या माणसानं तसाच प्लास्टिकचा कारखाना टाकला होता. आधी हा माणूस लेबर पुरवायचा, आता मालक झालेला. त्याला तयार सेटर हवेच होते. बत्तीस हजार द्यायला तो कबूल झाला, वर शिरूरपर्यंत गाडी पाठवीन म्हणाला.

"सातच?" मच्छिंद्रशेठनं विचारलं. "तिथं तुमचं आठ सेटर हायती म्हनं."

"आठवा न्हाई येत," नवनाथ म्हणाला. "त्याला तिथंच सोडायचाय."

हे बोलताना त्याला जो आनंद झाला तो पगारवाढीच्या कुठल्याही पत्रानं झाला नसता.

दिवसही त्यानं निवडून काढला. गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीचे पार्ट सुरू व्हायचे होते, त्या सोमवारपासून रोज माल गेला नाही तर पुण्याकडच्या त्यांच्या लाईनी थांबणार होत्या. शनिवारी मागच्या महिन्याचा पगार खात्यावर जमा झाला. सोमवारी सकाळी शिरूरच्या न्हावरा फाट्यावर नेहमीप्रमाणे कंपन्यांच्या गाड्या एकामागे एक येऊन लागल्या. त्या भागात नोकरी बदलणं म्हणजे दुसऱ्या गाडीत बसणं, दुसरा समारंभ नसतो. काल पांढऱ्या गाडीत चढणारा आज निळ्या गाडीत चढला की सगळ्या फाट्याला कळतं. सातही जण डबे घेऊन उभे होते. कारेगावची गाडी आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, दार उघडलं. कुणी चढेना.

"ओ सोनवणे, या की!"

"आमी न्हाई येत. ढोबळ्यांना सांगा, घरची मानसं दुसऱ्या घरी चालली."

हे वाक्य त्यानं तीन दिवस पाठ केलं होतं. ड्रायव्हरनं फोन काढला. तेवढ्यात मच्छिंद्रशेठची गाडी आली आणि सातही जण तिच्यात चढले. न्हावऱ्याच्या पुढे जाईपर्यंत गाडीत हशा थांबत नव्हता. एकानं ढोबळ्यांची नक्कल केली, दुसऱ्यानं सुमेधची. नवनाथ खिडकीशी बसून हसत होता, आणि मध्येच रस्त्याकडे बघत होता.

सकाळी दहाच्या सुमाराला सुमेधचा फोन आला. नाव बघून नवनाथनं मोबाइल हातात धरून ठेवला आणि वाजू दिला. पुन्हा आला. पुन्हा वाजू दिला. दुपारपर्यंत सुमेधनं किती वेळा फोन केला असेल ते सांगता येणार नाही, पण नवनाथनं एकही कापला नाही. कापला असता तर पोराला वाटलं असतं की दादा कामात आहे. त्याला वाजता वाजता बंद पडणारा फोन ऐकायला लावायचा होता.

पुढचे काही दिवस नवनाथचे सणासारखे गेले. अजीमचा चुलतभाऊ कारेगावच्या कंपनीत स्टोअरला होता, तो रोज बातम्या पुरवायचा. अर्धी मशिनं बंद आहेत. खराब मालाच्या गोणी गेटपर्यंत लागल्यात. ढोबळे साहेब केबिनमध्येच झोपतात. गिऱ्हाइकाचा माणूस येऊन टेबलावर हात आपटून गेला. आणि सुमेध? एकटा आठ मशिनांमागे पळतोय, डोळे सुजलेत, परवा हात भाजून घेतला. हे शेवटचं ऐकून अजीम म्हणाला, "पोराला एवढं नको व्हायला हुतं." नवनाथ म्हणाला, "अडतीस घेतोय ना? मग पळू दे." तेव्हा त्याला खरोखर बरं वाटलं. आपल्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचा हात भाजलाय, असं त्याला एकदाही वाटलं नाही, सुमेधचा भाजलाय एवढंच वाटलं.

घरी गौतमीनं एका संध्याकाळी त्याचा मोबाइल त्याच्यापुढं ठेवला. "दादा, त्याचा फोन उचल. तो एकटा मरतोय तिथं."

"कंपनीचं काम हाय. त्यात तू पडू नको."

"आन् लग्नाची तारीख? तीबी कंपनीचीच का?"

"दिवाळीनंतर म्हनलं ना," तो ओरडला. त्याच्या मनात वेगळंच होतं. कंपनी बसेल, ढोबळे जातील, सुमेधला घरी बसवतील. मग तो दौंडहून येईल, दारात उभा राहील, 'दादा, कुठंतरी चिकटवा' म्हणेल. तेव्हा आपण त्याला मच्छिंद्रशेठकडे लावून द्यायचं, आपल्या हाताखाली, आपल्याहून कमी पगारावर. आणि मग तारीख काढायची. गौतमीचं लग्न त्याला मोडायचं नव्हतं. त्याला फक्त मेहुणा आपल्यापेक्षा खाली बसलेला हवा होता.

मच्छिंद्रशेठकडचे बत्तीस हजार पहिल्या महिन्यात मोबाइलवर आले तेव्हा नवनाथनं सगळ्यांना मटण खायला घातलं. दुसऱ्या महिन्यात ते आल्याचं त्याला दोन दिवसांनी लक्षात आलं. कारण पगार तोच राहिला आणि बाकी सगळं वाढलं. बारा तासांची ड्यूटी, जायला दीड तास, यायला दीड तास, कँटीन नाही, आणि मच्छिंद्रशेठची लेबर ठेकेदाराची जुनी जीभ. तो सेटरलाही "ए" म्हणूनच हाक मारायचा. अजीम गाडीत खिडकीला डोकं लावून झोपायला लागला. हशा बंद झाला होता. अजीमच्या चुलतभावाच्या बातम्याही आटल्या, कारण कारेगावची कंपनी बसली नाही. माल जायला लागला होता. कसा, ते कुणी नीट सांगत नव्हतं.

दिवाळी झाली. पाडव्यानंतरच्या रविवारी मारुतरावांनी फोन केला की आम्ही तारीख धरायला येतोय. आता नाही म्हणायला नवनाथकडे कारण उरलं नव्हतं. त्यानं अजीमलाही बोलावून घेतलं. सुमेध खाली मान घालून येईल, आणि ती बघायला आपल्या बाजूचा एक माणूस असावा, अशी त्याची इच्छा होती.

सुमेध आला तो वाळला होता, उजव्या मनगटावर भाजल्याचा काळपट डाग होता, आणि तोंडभर हसत होता. आल्या आल्या तो नवनाथच्या पायाला हात लावायला वाकला. नवनाथनं घाईनं पाय मागे घेतले.

"दादा, तुमचे उपकार हायती."

"कसले?"

सगळे सतरंजीवर बसले. सुमेधला सांगायचं होतं आणि सांगताना त्याचे शब्द एकमेकांवर पडत होते. "तुमी समदे गेलाव तवा मला वाटलं, संपलं आपलं. ढोबळे साहेब माझ्याकडंच बगायला लागले. मी तुमाला फोन लावले. तुमी एकबी उचलला न्हाई. मग रातच्याला माझ्या ध्यानात आलं, दादा मुद्दाम उचलंना झालेत. हात सोडल्याबिगर मी उभा न्हाई राहनार, म्हनून."

नवनाथनं सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

"मग पडलो, भाजलो, पन एकेक मशीन लाईनीवर घेतलं. माल चालू झाला. महिना भरला तवा साहेबांनी केबिनमधी बोलावलं. म्हनले, तू बी जाशील का रं त्यांच्या मागं? म्हनलं, जाईन बी. तर म्हनले, जाऊ नको, किती पाहिजे ते बोल." सुमेध हसायला लागला. "मला काय सुचंना, दादा. एकोणीस हजारांचा मानूस मी, मी काय मागनार? डोसक्यात एकच आकडा हुता. मामांनी बगायच्या दिवशी इथं बसून ठोकला हुता तो. म्हनलं, अडतीस. मला वाटलं, हाकलून देतील. साहेब म्हनले, दिले."

मारुतराव मांडीवर थाप मारून खदखदून हसले. "मी म्हनलं न्हवतं का, पोराला अडतीस हाय म्हनून? आता झाला का खरा!"

"आधी..." नवनाथ पुढं सरकला. "आधी एकोणीस हुता?"

"आवो पावनं, बगायच्या कार्यक्रमात खरा पगार कोन सांगतं?" मामा म्हणाले. "ह्यानं घरी जाताना गाडीत माझा जीव खाल्ला. म्हनला, मामा, नवनाथदादा त्याच कंपनीत हायती, त्यांच्यापुढं मला तोंड वर करायला जागा न्हाई ठेवली तुमी."

नवनाथनं गौतमीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. "तुला माहीत हुतं?"

"त्याच संध्याकाळी त्यानं फोन करून सांगितलं मला."

"मग मला का न्हाई बोललीस?"

"तू इचारलंस कवा?" गौतमीचा आवाज चढला नाही. "मी फोन हातात आनून दिला तुझ्या. तू त्याचं नाव काढू दीनास. मला वाटलं, तुला पोरगाच नको झालाय. तीन महिनं मी ह्या घरात कशी राहिलेय, दादा, ते तुला न्हाई कळायचं."

ज्याचा सूड म्हणून नवनाथनं हे सगळं केलं, ते कधी घडलंच नव्हतं. आणि आता घडलं होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं घडवून आणलं होतं. तो सात माणसं उठवून गेला नसता तर ढोबळ्यांनी सुमेधला आणखी दहा वर्षं एकोणीस-वीसवरच ठेवलं असतं. त्याला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला, पण मामांचा धरावा तर ते पाहुणे, सुमेधचा धरावा तर तो पाया पडत होता, आणि ढोबळे तर खरं बोलले होते.

अजीम इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्यानं नवनाथकडे एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत रोजचे तीन तास गाडीतले, मच्छिंद्रशेठची "ए", सगळं होतं.

"कानानं ऐकलंय म्हनाला हुतास," तो म्हणाला.

"ऐकलं हुतं, अजीमभाई. आईची शपथ."

अजीम सुमेधकडे वळला. "पोरा, तिकडं जागा हायती का अजून?"

"हायत की!" सुमेध उजळला. "साहेब म्हनत्यात, जुनी मानसं येत असतील तर आना. पगार वाढवून घेतो म्हनले. तुमी या चाचा, समद्यांना घिऊन या. साहेब कुनालाच न्हाई म्हनायचे न्हाईत. फकस्त..."

तो थांबला. त्याची नजर पुन्हा सतरंजीवर गेली, त्या पहिल्या रविवारी गेली होती तशीच. या वेळी नवनाथला तिचा अर्थ बरोबर लागला.

"फकस्त मला सोडून," तो म्हणाला.

"ड्रायव्हरनं तुमचं बोलनं जसंच्या तसं सांगितलं साहेबांना, दादा. मी लई सांगून बघितलं. म्हनलं, माझ्यातलं कापा, पन दादांना घ्या. ते म्हनले, त्याचं नाव काढू नको."

अजीमनं खिशातून मोबाइल काढला आणि सुमेधकडून ढोबळ्यांचा नवीन नंबर घेतला. नवनाथच्या देखत, नवनाथच्या घरात, नवनाथचा चहा पिऊन. ते करताना त्याला यत्किंचितही संकोच वाटला नाही, आणि वाटायचं काही कारणही नव्हतं. बाकीच्या पाच जणांना आजच सांगतो, म्हणाला. उद्याच्या उद्या नको, पगार होऊ दे, मग निघू, हेही तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला, आणि चप्पल घालून बाहेर गेला. दारातनं त्याच्या मोटारसायकलचा आवाज शिरूरच्या दिशेला लांब गेला.

नवनाथची आई मधेच म्हणाली, "आरं, पावनं तारखेसाठी आल्यात ना? समदं ऱ्हायलं बाजूला."

मारुतरावांनी घसा साफ केला. या वेळी त्यांचा आवाज कसा कोण जाणे, खालीच राहिला. "डिसेंबरातला दुसरा रविवार म्हनतोय आमी. दौंडला कार्यालय मोकळं हाय. तुमी मोठं भाऊ, तुमच्या होकाराशिवाय कसं करायचं?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तीन महिने हाच होकार त्यानं मुठीत धरून ठेवला होता, सुमेध वाकून मागायला येईल त्या दिवसासाठी. आता सुमेध समोर बसला होता, अडतीस हजारांचा, हात भाजलेला, आणि नवनाथ काय म्हणतो म्हणून जीव मुठीत धरून बघणारा. त्याला अजूनही वाटत होतं की दादांच्या हातात काहीतरी आहे.

"दादा," गौतमी दारातनं म्हणाली. "आतातरी."

"धरा," नवनाथ म्हणाला. "दुसरा रविवार धरा." आणि पोह्यांच्या बशा आणायला तो उठला, कारण त्या घरात त्या वेळी त्याच्याकडे तेवढंच काम उरलं होतं.